एकशे एकतीस होकार

निकालाचा कागद शाळेच्या व्हरांड्यातल्या फळ्यावर लागला तेव्हा वैजयंती गोताड सगळ्यांत पुढे उभी होती. तो आपणच मोठ्याने वाचून दाखवायचा, असं तिने सकाळीच ठरवलं होतं. कुडवसे गावातले एकूण प्रौढ रहिवासी दोनशे चौदा. सड्यावरच्या नियोजित ‘कातळशिल्प अनुभव केंद्रा’ला नकार त्र्याऐंशी. होकार एकशे एकतीस.

तिने आकडा मनात वाचला, मग पुन्हा एकदा वाचला.

“काय झाला गो? वाच की!” मागून कोणीतरी ओरडलं.

“होकार एकशे एकतीस,” ती म्हणाली.

आधी लोक हसले. दीड महिन्यापूर्वी देवळासमोर सभा झाली होती, तेव्हा हेच सगळे तिथे होते. केंद्र नको म्हणून प्रत्येकाने हात वर केला होता. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या धोंडू आग्रेने तर देवीच्या पायरीला हात लावून शपथ घेतली होती, की सड्यावर कुंपण पडलं तर मी त्याला आडवा पडेन. मग हे एकशे एकतीस आले कुठून?

हसणं हळूहळू थांबलं. त्यानंतर व्हरांड्यात जे झालं ते वैजयंतीच्या नीट लक्षात राहिलं. माणसं कागदाकडे बघायची थांबली आणि एकमेकांकडे बघायला लागली.

गावाच्या वर, पाऊण तासाच्या चढणीनंतर, जांभ्या दगडाचं मैलभर पसरलेलं उघडं पठार होतं. त्याला सगळे सडा म्हणत. त्या सड्यावर हजारो वर्षांपूर्वी कोणीतरी चित्रं कोरून ठेवली होती. एक चौदा हात लांब हत्ती, त्याच्या पोटात मासे आणि हरणं, बाजूला पाय फाकून उभा असलेला एक बिनचेहऱ्याचा माणूस. वैजयंती गेली वीस वर्षं ही चित्रं सांभाळत होती. पावसाळा सरला की गवत उपटायचं, रेषांमधली माती खराट्याने काढायची. पाहुणे आले की चपला काढायला लावून त्यांना हत्तीभोवती फिरवायचं आणि बाटलीतलं पाणी रेषेत सोडायचं, म्हणजे ओल्या रेषेत हत्ती उठून दिसतो. चित्रांना जागतिक वारशाचा मान मिळाला, तशी माणसं वाढली. मग केंद्राची योजना आली. चित्रांवर काचेचं छत, चढणीवर विजेच्या गाड्या, कडेला साठ खोल्यांचं हॉटेल. गावकऱ्यांना आत जायला ओळखपत्र.

अशा योजनेला स्थानिकांची संमती लागते, असा कायदाच झाला होता. पण २०३८ साली संमती माणसांकडून घेत नसत. त्यांच्या प्रतिरूपांकडून घेत.

हे प्रतिरूप म्हणजे काय, ते ‘जनसंमती कक्षा’च्या तन्वी बर्वेने एप्रिलमध्ये गावात येऊन समजावलं होतं. बाई तरुण, पण बोलायला सरळ. तिने प्रत्येक माणसाशी दोन तास गप्पा मारल्या. घर, शेत, दुखणं, भांडणं, मुलं, काहीही. यंत्र ते ऐकत होतं. माणूस काय बोलतो एवढंच ते टिपत नव्हतं. कुठे अडखळतो, कोणत्या विषयाकडे पुन्हा पुन्हा वळतो, कशावर पटकन बोलून मोकळा होतो, हेही टिपत होतं. त्यातून त्या माणसाच्या विचार करण्याच्या पद्धतीची एक प्रत तयार व्हायची. मग त्या प्रतीला कोणताही प्रश्न विचारा, ती त्या माणसासारखं उत्तर द्यायची.

“पण बरोबर कशावरून?” वैजयंतीने तेव्हाच विचारलं होतं.

“तुम्हाला आज शंभर प्रश्न विचारले आणि तेच पंधरा दिवसांनी पुन्हा विचारले, तर तुमची स्वतःची पंच्याऐंशी उत्तरंच जुळतील,” तन्वी म्हणाली होती. “माणूस स्वतःशीसुद्धा पूर्ण जुळत नाही. प्रतिरूपाची चौऱ्याऐंशी जुळतात.”

जुन्या पद्धतीपेक्षा हे बरं, असं सरकारचं म्हणणं होतं. ग्रामसभेला निम्मं गाव येत नाही. जे येतात ते पुढाऱ्याच्या तोंडाकडे बघून हात वर करतात. गुप्त मतदान घेतलं तर एकच प्रश्न विचारता येतो. प्रतिरूपाला मात्र तीनशे प्रश्न विचारता येतात, आणि त्याला ना शेजाऱ्याची भीड, ना भाऊबंदांची.

कोणाच्या प्रतिरूपाने काय सांगितलं ते गुप्त राहायचं. फक्त ज्याचं त्याला, शाळेच्या मागच्या खोलीत बसून, आपलं उत्तर ऐकता यायचं. ते खोटं वाटलं तर रद्द करायचीही सोय होती, पण त्यासाठी दहा दिवसांच्या आत ग्रामसभेत सगळ्यांसमोर उभं राहून सांगावं लागे. कोणी दारामागे दमदाटी करून माणसांचे होकार फिरवू नयेत, म्हणून कायदा करणाऱ्यांनी ही अट घातली होती. योजनेला साठ टक्के होकार लागत होते, म्हणजे कुडवश्यातून एकशे एकोणतीस. मिळाले होते एकशे एकतीस. तिघांनी उभं राहून आपला होकार मागे घेतला असता तरी केंद्र बारगळलं असतं.

फक्त तिघांनी.

दुसऱ्या दिवसापासून शाळेच्या मागच्या खोलीपुढे रांग लागली. माणूस एकटा आत जायचा, दहा मिनिटांनी बाहेर यायचा आणि कोणी विचारायच्या आत सांगायचा, “माझं नाहीच आलं.” वैजयंती बाहेर झाडाखाली बसून ऐकत होती. चार दिवसांत दोनशेच्या आसपास माणसं आत जाऊन आली. एकाचंही ‘हो’ आलं नव्हतं.

“यंत्रच खोटं आहे,” कोणी म्हणालं.

“यंत्र कशाला खोटं बोलेल? त्याला काय हॉटेल टाकायचंय?” दुसऱ्याने विचारलं.

गावाचं वागणं बदललं ते तिथून. दुकानात कोणी दोन पिशव्या जास्त घेतल्या तरी माना वळायच्या. सरपंच माधुरी रेवाळे तालुक्याला गेल्या तर कशासाठी गेल्या, याची चर्चा संध्याकाळपर्यंत चालायची. वैजयंतीही काही वेगळी नव्हती. माणसं खोलीतून बाहेर येताना ती त्यांच्या चेहऱ्यांकडे टक लावून बघायची. कोण नजर चुकवतं, कोण जरा मोठ्याने बोलतं. रात्रीचं जेवण वाढतानाही ती नवऱ्याकडे, विश्रामकडे, तशीच बघायला लागली.

“तुमचं नक्की नाहीच ना आलं?”

“किती वेळा विचारशील?” विश्रामने ताटातून डोकं वर केलं नाही. “नाही म्हटलं ना.”

“डोळ्यांत बघून सांगा.”

त्याने बघितलं. “नाही आलं,” तो म्हणाला. तिला ते पटलं नाही, आणि पटलं नाही याची लाजही वाटली. मग तिने आपला संशय घराबाहेर नेला. बाहेर तो ठेवणं सोपं होतं.

शेवंती पाष्टे तिची तीस वर्षांची मैत्रीण. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन कुडवश्यात आल्या, एकाच विहिरीवर पाणी भरलं, एकमेकींची बाळंतपणं काढली. पण शेवंतीच्या मुलाने, संकेतने, दोन वर्षांपूर्वी पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधल्या होत्या. केंद्र झालं तर त्या खोल्या बाराही महिने भरणार, हे सांगायला यंत्र लागत नव्हतं.

सहाव्या दिवशी विहिरीवर आठदहा बायका होत्या. शेवंती कळशी उचलायला वाकली तेव्हा वैजयंती म्हणाली, “संकेतच्या खोल्यांना आता वरचा मजला चढणार म्हणायचा.”

शेवंती तशीच वाकलेली राहिली. “काय बोलायचंय ते सरळ बोल, वैजू.”

“सरळच बोलते. तुझं हो आलं. तू परवा उभी राहा आणि मागे घे. मी तुझ्या शेजारी उभी राहते.”

“माझं नाही आलं.”

“सगळ्यांचंच नाही आलं! मग एकशे एकतीस भुतं आहेत काय गावात?”

शेवंतीने कळशी कमरेवर घेतली. तिचा आवाज अजिबात चढला नाही. “मी तुला सांगितलं, माझं नाही आलं. पुन्हा सांगणार नाही.”

“तुझ्या पोराच्या खोल्यांसाठी तू सडा विकलास,” वैजयंती म्हणाली.

शेवंती चालू लागली आणि कळशीतलं पाणी हिंदकळून तिचं लुगडं भिजलं तरी तिने ते सावरलं नाही. वैजयंतीला बरं वाटलं. निदान एक नाव तरी सापडलं होतं.

आपल्या प्रतिरूपाला भेटायला ती अजून गेली नव्हती. त्याची तिला गरज वाटली नव्हती. सड्यासाठी अर्ज लिहिणारी ती, पत्रकारांना बोलावणारी ती. पण ग्रामसभेच्या आदल्या दिवशी तिला वाटलं, आपला नकार छापून घ्यावा आणि सभेत फडकवावा. मग इतरांनाही आपापले कागद दाखवावेच लागतील.

खोलीत एक टेबल, एक खुर्ची आणि कानाला लावायचं यंत्र होतं. तन्वी तिची ओळख पटवून बाहेर गेली.

“अनुभव केंद्र व्हावं की नको?” वैजयंतीने विचारलं.

कानात तिचाच आवाज आला. जरा दमलेला, पण तिचाच. “होऊ दे.”

ती खुर्चीवरून उठली आणि पुन्हा बसली. “कोणी शिकवलं तुला हे?”

“कोणी नाही. आपली पोर सानिका तिकडे पनवेलला दुसऱ्यांच्या हॉटेलात उभी असते दिवसभर. इथे हॉटेल झालं तर ती इथे येईल.”

“आणि सडा? हत्ती?”

थोडा वेळ काही ऐकू आलं नाही. असं थांबून बोलायची सवयही तिचीच होती. “वाईट वाटेल. वीस वर्षं केलं. पण हत्ती मला संध्याकाळी जेवलीस का म्हणून विचारत नाही.”

वैजयंती दार ढकलून बाहेर आली. “हे बदललंय तुम्ही! माझ्या तोंडात घातलंय!”

तन्वीने वाद घातला नाही. तिने एप्रिलमधलं ध्वनिमुद्रण काढलं आणि समोर ठेवलं. “मूळ आहे. तपासायचा तुम्हाला हक्क आहे, कोणाकडूनही तपासून घ्या. तुम्ही दोन तास सहा मिनिटं बोललात, ताई. सड्याबद्दल बावीस मिनिटं. मुलीबद्दल एकोणपन्नास.”

वैजयंतीने मधूनच एक ठिकाण लावलं. आपला आवाज, मागे कोंबड्यांची कलकल. ती हसत हसत सांगत होती, “सानिका परत आली ना, तर मी सड्याकडे वळून बघणार पण नाही.” असं आपण बोललो होतो, तिला आठवलं. गंमतीत बोललो होतो. की नव्हतो? यंत्राला ती गंमत वाटली नव्हती, आणि आता कान देऊन ऐकताना तिलाही वाटत नव्हती.

“मग तुम्ही मला तेव्हा सरळ का नाही विचारलंत?” ती तन्वीला म्हणाली.

“सरळ विचारलं असतं तर तुम्ही काय सांगितलं असतंत?”

वैजयंतीने ध्वनिमुद्रण बंद केलं. पण तन्वीवरचा तिचा संशय काही गेला नाही. त्याने फक्त जागा बदलली. माणसाचं मन इतकं बरोबर ओळखणाऱ्या यंत्राने त्या माणसाला आधी सांगायला नको होतं? गावाच्या फळ्यावर लावायच्या आधी?

घरी न जाता ती देवळामागच्या कट्ट्यावर बसली आणि तिने सानिकाला फोन लावला. मागे लोकांचे आवाज येत होते, सानिका कामावर होती.

“आई? काय झालं? बरी आहेस ना?”

“वर केंद्र झालं, हॉटेल झालं, तर तू येशील ना इकडे?”

“कुठे?”

“घरी. नोकरीला. इथेच मिळेल तुला.”

मागचे आवाज कमी झाले, ती बहुधा बाजूला गेली असावी. “आई, मी पुढच्या वर्षी इथलंच मोठं पद घेणार आहे. माझी इथे माणसं आहेत. मी कुडवश्याला राहायला नाही येणार गं. हॉटेल होवो, नाहीतर विमानतळ होवो.”

“तू कधी बोलली नाहीस.”

“तू कधी विचारलं नाहीस. दर वेळी तूच सांगतेस, तू येणार म्हणून.”

फोन ठेवल्यावर वैजयंती बराच वेळ तिथेच होती. तिला रडू आलं नाही. तिला फक्त हिशेब लागत होता: यंत्राने तिच्या मनातली आशा बरोबर वाचली होती, पण ती आशाच खोटी होती, आणि हे यंत्राला कळायला वाट नव्हती. ते फक्त तिच्याशी बोललं होतं. तिच्या मुलीशी नाही. दोनशे चौदा माणसांना त्याने वेगवेगळं बसवून विचारलं होतं. आणि गावानेही नंतर तेच केलं होतं. एकेकटे आत गेले, एकेकटे बाहेर आले, आणि कोणी कोणाला काही विचारलं नाही. तिने शेवंतीला विचारलं होतं का? नाही. शेवंतीलाही तिने सांगितलंच होतं.

ग्रामसभा सकाळी अकराला सुरू झाली. शाळेचं पटांगण भरलं होतं. तन्वीने नियम वाचून दाखवले. ज्याला आपल्या प्रतिरूपाचा होकार रद्द करायचा असेल त्याने उभं राहावं, नाव सांगावं, कारण सांगावं. मुदत दुपारी एकपर्यंत.

पाऊण तास कोणी हललं नाही. लोक खाली मान घालून जमीन उकरत होते. सरपंचांनी दोनदा पुन्हा आवाहन केलं. उन्हं चढली. शेवंती बायकांच्या शेवटच्या रांगेत बसली होती, वैजयंतीकडे तिने एकदाही बघितलं नव्हतं.

वैजयंती उठली. “वैजयंती विश्राम गोताड,” ती म्हणाली. “माझं हो आलं.”

पटांगणात असा आवाज झाला, जणू सगळ्यांनी एकदम श्वास घेतला. मागून एक पोरगा हसला. कोणीतरी म्हणालं, “हीच? हिचंच?”

“हो, माझंच. मला वाटत होतं, हॉटेल झालं तर माझी पोर घरी येईल. काल तिला विचारलं. नाही येणार. म्हणून मी मागे घेते.” ती खाली बसायला वळली आणि थांबली. “ती येणार असती तर मी मागे घेतलं असतं की नाही, मला ठाऊक नाही. खोटं कशाला बोलू.”

तन्वीने नोंद केली. एकशे तीस.

पुरुषांच्या बाजूने विश्राम उठला. वैजयंतीने त्याच्याकडे बघितलं, त्याने तिच्याकडे बघितलं नाही. “विश्राम गोताड. माझंही हो. हिचे गुडघे गेलेत. दिवसातून तीन वेळा चढण चढते, रात्री तेल लावताना रडते, कोणाला दाखवत नाही. मला वाटलं, बंद झालं तर बसेल एकदाची. पण हिला न विचारता बसवायचं हे काही खरं नाही. मागे घेतो.”

एकशे एकोणतीस. अजून एक हवा होता.

आता साडेबारा झाले होते. कोणी उठेना. वैजयंती एकेका चेहऱ्यावरून नजर फिरवत होती. एकशे एकोणतीस होकार या पटांगणात बसलेत, तिच्या इतके जवळ, आणि त्यांतला एकही चेहरा तिला वाचता येत नव्हता. संकेत? सरपंच? तो हसलेला पोरगा? एकला दहा मिनिटं असताना तन्वीने घड्याळाकडे बघितलं.

तेव्हा धोंडू आग्रेने काठी टेकली. दोघांनी त्याला धरून उभं केलं.

“धोंडू आग्रे,” तो ओरडून म्हणाला, कारण त्याला स्वतःलाच ऐकू येत नसे. “मी देवीची शपथ घेतली होती. खोटी घेतली. मला त्या गाडीत बसायचं होतं. चार वर्षं झाली, मी वर चढलो नाही. मरायच्या आधी एकदा हत्ती बघायचा होता.” तो दम लागून थांबला. “पण कुंपण नको. गाडी पाहिजे, कुंपण नको. असं लिहून घेता येईल काय गो बाई तुला?”

“तसं वेगळं लिहिता येत नाही, आजोबा,” तन्वी म्हणाली. “हो किंवा नाही, एवढंच.”

“मग नाही लिही,” धोंडू म्हणाला आणि खाली बसला.

एकशे अठ्ठावीस. केंद्र बारगळलं.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पटांगण हळूहळू रिकामं झालं. वैजयंतीला दोघीतिघींनी हात धरून शाबासकी दिली. त्यांच्यातल्या किती जणींच्या पोटात होकार होता, हे तिला आता कधीच कळणार नव्हतं. जिंकल्यावर संशय जाईल असं तिला वाटलं होतं. तो तिथेच होता, आणि आता त्याला नेमका आकडाही होता.

उन्हं कलल्यावर ती शेवंतीकडे गेली. शेवंती अंगणात काजूच्या बिया पसरत होती.

“तू उठली नाहीस,” वैजयंती म्हणाली. असं बोलायचं तिने ठरवलं नव्हतं, पण तोंडातून आधी तेच निघालं. “तिसरा हवा होता तेव्हाही नाही.”

“काय म्हणून उठू?” शेवंतीने बिया सारख्या केल्या. “माझं ‘नाही’ होतं. नाही ते मागे कसं घेऊ?”

वैजयंती अंगणाच्या कडेला थांबली. “कागद काढून घेतला असतास तर...”

“घेतलाय. डब्यात आहे. पहिल्याच दिवशी काढला.”

“मग विहिरीवर तोंडावर का नाही मारलास माझ्या?”

“कागदावर विश्वास ठेवला असतास तू. माझ्यावर नसता ठेवलास.” शेवंतीने हात झटकले. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच वैजयंतीला सोसवेना. “संकेतच्या खोल्यांवरून रोज भांडते मी त्याच्याशी. सडा गेला तर लोक कशाला येतील, काच बघायला? हे तुला मी दहा वेळा सांगितलं असतं. तू विचारायला हवं होतंस.”

“चुकलं माझं, शेवंते.”

“हं,” शेवंती म्हणाली. “बस. उन्हातून आलीस.”

ती आत गेली. वैजयंती ओटीवर टेकली. आतून भांड्यांचा आवाज येत होता, तो तिच्या ओळखीचा होता. या घरातली एकेक फळी तिला ठाऊक होती. तहान लागली की ती सरळ माजघरात जायची, हंड्यावरचा तांब्या काढून प्यायची, शेवंती घरात असो वा नसो.

शेवंती बाहेर आली. तिने पाण्याचा पेला ताटलीत ठेवून आणला होता, संकेतकडे येणाऱ्या पाहुण्यांना देतात तसा, आणि बाजूला गुळाचा खडा. तिने ताटली वैजयंतीपुढे दोन्ही हातांनी धरली.

“घ्या,” ती म्हणाली.